शालूच्या खोलीची रुंदी

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंदीच्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या भावावरून भांडत होतो. त्याच चढ्या आवाजात "काय झालं?" म्हणालो... आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. माझी धाकटी बहीण. नागपुरात चित्रकला शिकली. पण चित्र भिंतीवर टांगू नये, माणसानं चित्रात शिरावं, असं तिचं म्हणणं.

काही वर्षांपूर्वी तिनं माझं जुनं गोदाम मागितलं. आत जाळीच्या दोन भिंती उभारून त्यांत कापूस भरायचा आणि मधल्या अरुंद वाटेनं एकेकानं अनवाणी जायचं. भरण्याचं काम मी अंगावर घेतलं. गाडी भरताना आम्ही कापूस पायांनी तुडवतो, तसाच तुडवून घेतला. भिंत फळीसारखी झाली. शालूनं पाठ टेकवून पाहिली आणि सगळा कापूस उपसायला लावला. "दादा, हा काय विकायले भरला का? माणूस टेकला त आत गेला पाह्यजे." मी खूप ओरडलो. तिनं स्वतःच्या हातांनी मोकळा करून पुन्हा भरला.

पहिल्या दिवशी आंजी गावची आमची मामी आली. "कापूस काय पाह्याचा बाप्पा? घरी खोलीभर पडला हाय!" म्हणत आत शिरली, ती बाहेरच येईना. पाहायला गेलो तर दोन्ही कोपरं कापसात रुतवून, डोळे मिटून उभी. "थांब न रे," म्हणाली, "असं कोनी धरून ठेवलं नोतं मले." माझ्या बहिणीनं हे केलं होतं. छाती फुगवून गावभर सांगत फिरलो.

मग शहरातल्या एका संस्थेनं तशीच खोली आपल्या दालनात उभारली. गर्दी सरकावी म्हणून वाट दुप्पट रुंद केली, पाटीवर स्वतःचंच नाव मोठं. तोवर आजारी पडलेली शालू मधोमध हात पसरून उभी राहिली. बोटं कुठंच पोचली नाहीत. "हे माह्यं नाई, दादा," एवढंच म्हणाली. मी तिथं घातलेला गोंधळ त्यांना अजून आठवत असेल. आठवू दे.

ती गेल्यावर तेच लोक आले. खोली कायमची हवी, फक्त वाट थोडी... मी भाव बोललोच नाही. "आधी गोदामातल्या खोलीत जाऊन या," म्हणालो. त्यांचे साहेब जोडे काढून शिरले. बऱ्याच वेळानं आले ते केसांत कापूस घेऊन. "आहे तेवढीच ठेवू," हळूच म्हणाले. सौदा पटला की गप्प बसावं, हे मी आयुष्यभर पाळलं. त्या दिवशी नाही पाळलं. "नाव शालूचं. सगळ्यात वर," म्हणालो.

तशीच बांधायला मापं त्यांनी नेली, खोली मी दिली नाही. यंदाचा माझा कापूस अंगणात ताडपत्रीखाली आहे. व्यापारी हसतात. हसोत... गोदामात जागा नाही.