उभी केलेली बाई

मंचरला आमची कांदा-बटाट्याची आडत आहे. ती नवरा आणि धाकटा दीर बघतात. मी एका दैनिकाची तालुक्याची वार्ताहर. वार्ताहर म्हटलं की लोकांना फार मोठं काही वाटतं, पण माझ्या बातम्या म्हणजे कांद्याचे भाव, हायवेवरची कोंडी, उसात दिसलेला बिबट्या आणि शाळांची बक्षीस वाटपं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फोटोही मीच पाठवायचे. त्यामुळे तालुक्यातले सगळे कार्यकर्ते मला ‘ताई’ म्हणत, आणि आपली बातमी आली नाही तर हक्कानं रुसत.

त्या पावसाळ्यात शिनोलीच्या वर, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका वाडीवर दरड आली. भर दुपारी आली. धडधाकट माणसं खाली खाचरात भाताची लावणी करत होती, पोरं शाळेत होती. घरात होती ती म्हातारी माणसं. मला फोन आला तशी मी निघाले. पुढं रस्ता खचलेला होता, म्हणून शेवटचा चढ चालत गेले.

वाडी ओळखूच येत नव्हती. लाल चिखलाचा नुसता उतार, त्यातून वर आलेला एखादा वासा, एका छपराचा पत्रा. लोक हातानं, घमेल्यानं, मिळेल त्यानं माती उपसत होते. आणि मधोमध एक बाई उभी होती. तिशीची असेल. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलात रुतलेले, हातात भाताच्या रोपांची मूठ. आवाज ऐकून ती खाचरातून धावत वर आली होती आणि हातातली रोपं टाकायचं राहूनच गेलं होतं. रडत नव्हती. समोर बघत होती. तिथं तिचं घर होतं आणि घरात तिचे सासू-सासरे होते.

मी तिचा एक फोटो काढला. मग मोबाइल आत ठेवला आणि तिच्याजवळ गेले. तिच्या हातातली रोपं मीच सोडवून घेतली. बोटं इतकी आखडली होती की एकेक बोट उघडावं लागलं.

“बाय, त्यांना चहा करून ठेवला व्हता गं,” एवढंच ती म्हणाली.

वाडीतली माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. “वर डोंगराला भेग पडली व्हती. आदल्या पावसाळ्यापासनं सांगतोय आमी. ग्रामसभेत सांगितलं, तालुक्याला जाऊन सांगितलं. कुणी बघाया आलं न्हाई.” मी हे वेगवेगळ्या माणसांना एकटं गाठून विचारलं. सगळ्यांचं बोलणं जुळत होतं. तहसील कार्यालयात फोन केला, तर “माहिती घेऊन सांगतो” म्हणाले. मी जे ऐकलं ते लिहिलं, जे बघितलं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी आली आणि तिच्यावर त्या बाईचा फोटो. डोक्यावरचा पदर तोंडावर आला होता, त्यामुळे चेहरा अर्धाच दिसत होता.

वाचलेल्या लोकांना खालच्या गावातल्या शाळेत ठेवलं होतं. काही दिवसांनी तिथंच मदत वाटपाचा कार्यक्रम झाला. आमच्या भागातले एक मोठे पुढारी येणार होते. मी नेहमीसारखी पुढच्या बाजूला, खुर्च्यांच्या कडेला बसले. वाडीची माणसं सतरंजीवर होती. ती बाई पहिल्याच ओळीत बसली होती, कुणीतरी दिलेल्या नव्या साडीत.

पुढाऱ्यांनी आधी श्रद्धांजली वाहिली, सरकार पाठीशी असल्याचं सांगितलं. आवाज जड झाला होता. मीही लिहून घेत होते. मग त्यांनी खिशातून माझ्या बातमीचं कात्रण काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

“हे बघा,” ते म्हणाले. “माणसं मातीखाली आहेत आणि यांना फोटो सुचतात! अरे, घर गाडलं गेल्यावर कुठली बाई हातात भाताची रोपं घेऊन उभी राहील? ही उभी केलेली बाई आहे. पैसे देऊन उभी केलेली! आणि म्हणे डोंगराला भेग होती. भेग यांच्या डोक्यात आहे. दरडीनं केलं नसेल एवढं नुकसान या पत्रकारांनी आपल्या तालुक्याच्या नावाचं केलंय. मढ्यावर बसणारी गिधाडं आहेत ही!”

मागून टाळ्या वाजल्या. आधी कार्यकर्त्यांच्या, मग इतरांच्याही. कुणीतरी शिटी मारली. माझं पेन हातातच राहिलं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकते आहे. त्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर ती बाई बसली होती. वाडीतला प्रत्येक माणूस ते जाणत होता आणि प्रत्येक जण खाली बघत होता.

मी उठले. “साहेब, ही बाई...” एवढं तोंडातून गेलं असेल. तेवढ्यात तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. अगदी थोडी. नको. मी वाक्य तसंच सोडून खाली बसले.

त्यानंतर किराण्याच्या पिशव्या वाटल्या. पहिली पिशवी तिलाच मिळाली. पुढाऱ्यांनी ती तिच्या हातात दिली, हात जोडले, फोटोग्राफरसाठी क्षणभर थांबले. “धीर धरा माउली,” म्हणाले. कात्रण अजून त्यांच्या खिशातून अर्धं बाहेर डोकावत होतं.

एक ओळखीचा कार्यकर्ता माझ्याजवळ आला. दर वाढदिवसाला फोटो पाठवणारा. “ताई, गैरसमज नको राव,” तो कानाशी म्हणाला, “पण तुमी निघा आता. पोरं तापलीत.”

मी मंचरला पोचायच्या आधी भाषणाचा व्हिडिओ पोचला होता. आडतीत हमाल, शेतकरी, ड्रायव्हर मोबाइलवर तो बघत होते. मी आत गेले तसा आवाज बंद झाला. नवऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. दीर मात्र माझ्या मागोमाग आत आला. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जाणारा, माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला.

“वहिनी,” तो चाचरत म्हणाला, “ती बाई खरंच तशी उभी व्हती का?”

भाषण जितकं लागलं नव्हतं तितका हा प्रश्न लागला. मी हातातला तांब्या खाली ठेवला. मी त्याला रागावले नाही. तशीच घरी निघून गेले.

काही आठवडे मी त्या बाजूला गेले नाही. दैनिकाच्या कार्यालयानं माझी बातमी मागं घेतली नाही, पण “सध्या बाजारभावाचंच बघा” असं सांगितलं. शेवटी एका सकाळी मी दिराला म्हटलं, मोटारसायकल काढ. त्यानं काढली.

शाळेच्या व्हरांड्यात ती तांदूळ निवडत होती. मला बघून सरकून जागा केली. दीर खांबाला टेकून उभा राहिला.

“रागावलीस का माझ्यावर?” तिनंच विचारलं.

“नाही. पण त्या दिवशी मान का हलवलीस?”

“तू संध्याकाळी तुझ्या घरी जाणार व्हतीस बाय. आमाला अजून घर मिळायचंय. मी बोलले असते तर माझ्या एकटीचं न्हाई, समद्या वाडीचं अडकलं असतं.” तिनं सुपातला खडा काढून बाहेर टाकला. “त्यांनी पिशवी दिली तवा मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. म्हटलं, आता वळखतील. न्हाई वळखलं. पैसे घिऊन उभी राह्यले म्हनं. माझी सासू आत व्हती.”

परत येताना शिनोलीत दिरानं गाडी थांबवली. दोन चहा सांगितले. स्वतःचा चहा त्यानं तसाच गार होऊ दिला. “वहिनी, चुकलं माझं,” म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

पुढं वाडीच्या लोकांना पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. उद्घाटनाला मी गेले. वाडीच्या माणसांनी मला पाहिलं, काहींनी नमस्कार केला. पुढाऱ्यांनी फीत कापली आणि गर्दीतून नेमके माझ्याकडे आले. ते हसले.

“काय ताई, दिसला नाहीत बरेच दिवस! घरचे बरे आहेत ना? आडत कशी चाललीय? आणि हे बघा, त्या दिवसाचं मनावर घेऊ नका. सभेत बोलावं लागतं असं.”

मला राग यायला हवा होता. पण मी नुसती बघत राहिले. इतके दिवस मी झोपेतून दचकून उठत होते, घरातला माणूस माझ्याकडं संशयानं बघून गेला होता, आणि यांच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं. शत्रुत्वसुद्धा नव्हतं.

“साहेब,” मी म्हणाले, “ती बाई खरी होती. तुम्हीच तिच्या हातात पिशवी दिलीत.”

त्यांनी भुवया वर केल्या. मनापासून आठवायचा प्रयत्न केला असावा.

“कोणती बाई?”

तेवढ्यात कुणीतरी त्यांना हाक मारली आणि ते गेले. त्या दिवशी मी उद्घाटनाची चार ओळींची बातमी पाठवली. त्यात त्यांचं नाव होतं, कारण फीत त्यांनीच कापली होती. त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली, की डोंगराला भेग पडल्याचं आपण आधीच सांगितलं होतं, असं वाडीतले लोक आजही सांगतात. ती ओळ छापून आली.