बडीशेपेची पुडी

मला परीक्षेत टाकू नकोस, अशी विनवणी मी देवाला रोज करतो आणि मग आपल्याच पायांनी परीक्षेच्या दारात जाऊन उभा राहतो. अशा माणसाचं देवाने करावं तरी काय? बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत तीस वर्षं काम केलं, त्यातली वीस वर्षं तरी संध्याकाळी पिऊन घरी गेलो. गेल्या नाताळात वेदीपुढे गुडघे टेकले, तेव्हापासून थेंब घेतला नव्हता. तरीही चर्चमध्ये, देवाने आपल्याला कसं बदललं याची साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं की मी मान खाली घालायचो. मला माझीच खात्री नव्हती.

अशात लेकीचं लग्न ठरलं. आमच्यात बापाने वधूला हात देऊन दारापासून वेदीपर्यंत न्यायचं असतं. ही पोर लहानपणी, मी घरी आलो की आधी जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घ्यायची. मी बडीशेप चघळून यायला लागलो, तर तिला बडीशेपेवरूनही कळायला लागलं. आता ती भांडली नाही की रडली नाही. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "आप्पा, त्या दिवशी पिऊन आलासा तर मी एकटीच चालत जाईन."

लग्नाच्या आदल्या दिवशी कोल्हापूरला बहिणीकडे गेलो. आमच्या घरातल्या मुली माझ्या आईची जाळीची ओढणी डोक्यावर घेऊनच वेदीपुढे उभ्या राहतात, ती तिच्याकडे होती. बहिणीने जेवू घातलं, ओढणी कागदात गुंडाळून दिली. परतताना स्टँडवरच्या पानपट्टीवर मी बडीशेपेची पुडी घेतली. कशाला, ते माझं मलाच ठाऊक होतं. बेळगावात सगळे ओळखीचे, पण कोगनोळी नाक्याच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीत, मला कोण ओळखतंय? आम्हा सीमेवरच्या माणसांना ही खोडच आहे, इकडचं तिकडे लागू नाही असं वाटतं. मी तर देवालाही नाक्यावर अडवून ठेवलं होतं. लग्नाच्या धास्तीवर उतारा म्हणून एकच घ्यायची आणि पुढची बस धरायची, असा बेत होता.

हद्दीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. समोरच्या ढाब्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून कुणीतरी माझी बाही धरली. एक म्हातारी होती, काखेत डिंकाच्या लाडवांचा डबा. तिची लेक बेळगावात बाळंत झाली होती आणि ती पहिल्यांदाच एकटी निघाली होती. बसवरच्या कानडी पाट्या तिला वाचता येत नव्हत्या, त्यामुळे बेळगावची एक गाडी डोळ्यांदेखत निघून गेली होती. पुढची आली की सांगा, म्हणाली. मी चिडलोच. एवढी माणसं उभी असताना माझीच बाही का, असं तिला विचारलं.

"दोघांस्नी इचारलं बाबा, दोघंबी पिलेले," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाला वास न्हाय."

माझे डोळे भरून आले. दहा मिनिटं उशिरा भेटली असती तर तिने मलाही ओलांडून पुढचा माणूस शोधला असता. मी पायरीवरून पाय मागे घेतला. बस आली तेव्हा पाटी वाचून तिला चढवलं आणि शेजारीच बसलो. खिशातली पुडी तिच्या हातावर ठेवली. बाळंतिणीला होईल, म्हणत तिने ती डब्यात टाकली. बेळगावच्या स्टँडवर जावई न्यायला आला होता. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी मोहावर मात केली, असं मी कुणाला सांगत नाही. मी तर पायरी चढलो होतो. मला धरलं कुणीतरी, आणि त्या वेळी बाही सोडवून घेतली नाही, एवढंच माझं. आता मी देवाला शब्द देत नाही. सकाळी उठून, आजच्यापुरतं धर, इतकंच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात लेक ओढणी सावरत माझ्याजवळ आली. जुन्या सवयीने तिने मान किंचित पुढे केली आणि श्वास घेतला. मी हललो नाही. तिने पुन्हा एकदा, सावकाश, श्वास घेतला. मग माझ्या दंडात हात घातला आणि म्हणाली, "चला, आप्पा."