रशियन पुस्तकाचं मागचं पान

सकाळी सातला ट्रायल होती आणि माझं पुस्तक निम्म्यावर होतं.

आमच्या वर्कशॉपला चिखलात रुतलेले रणगाडे ओढून काढणारी नवी गाडी मिळाली होती. तिचं मॅन्युअल फक्त रशियन भाषेत. "कौन सीखेगा?" सीओ साहेबांनी विचारलं आणि माझा हात वर गेला. मी हवालदार, वय छत्तीस, गाव एरंडोलजवळ. हौसेला मोल नसतं. सहा महिने कोर्स केला, मग डिक्शनरी घेऊन रोज दोन पानं मराठीत उतरवू लागलो. पहिल्या पानापासून, ओळीनं. शाळेत तसंच शिकवलं होतं.

गाडीचा ऑपरेटर नाईक भिकन पाटील, चाळीसगावकडचा. आमची गट्टी होती. ट्रायलच्या आदल्या संध्याकाळी तो माझी वही चाळत बसला.

"भो, मराठीमा तीन दाव नापास व्हयना तू, आते रशियन शिकी राहिना," तो हसला. मग पुस्तक सगळं वाचून झालं का, म्हणून विचारलं, "बठ्ठं वाचं ना?"

"चालवानं बठ्ठं वाचं. मांगे पार्टनी यादी शे."

मागे नुसती सुट्या भागांची यादी असेल असं मला वाटलं होतं. पाहिलं नव्हतं. रात्री जेवण गेलं नाही. तरी सकाळी रिपोर्ट दिला, "रेडी, सर." फौजेत 'थोडं राहिलंय' म्हणायला जीभ रेटत नाही.

सात वीसला रुतलेल्या रणगाड्याला बांधलेला पोलादी दोर ताणला गेला. भिकन गाडीच्या वरच्या झाकणातून कमरेपर्यंत बाहेर उभा, नजर दोरावर. जुन्या गाडीत आम्ही असंच करायचो. मी लांब, वायरलेस सेटवर होतो.

"दोर टाइट. खींच रहा हूं, ओव्हर."

"धीरे. ओव्हर."

दोर तुटला आणि उलटून गाडीवरच आला. भिकन जागीच गेला.

दुपारी मी पुस्तक मागून उघडलं. यादीच्या आधी एक पान होतं, त्यावर सहा वाक्यं. ओढताना ऑपरेटरने झाकण बंद करावे, आत बसून पेरिस्कोपमधून पाहावे. तेवढं वाचायला मला चाळीस मिनिटं लागली.

इन्क्वायरीत 'ऑपरेटर की गलती' असं लिहिलं जात होतं. मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. घरी दोन मुलं, नोकरी जायची भीती. तरी मी उभा राहिलो.

"सर, ये पन्ना मैंने उसे नहीं दिया था."

मला शिक्षा झाली. भिकनच्या नावापुढची ती ओळ खोडली गेली.

रजेवर आलो तो आधी त्याच्या वडिलांकडे गेलो. नानांना सगळं सांगितलं.

"ते पान वाची दाखाड," ते म्हणाले. "त्यासनी भाषामा."

पानाची नक्कल खिशात होती, ती मी वाचली. एक अक्षर कळत नसताना त्यांनी सहाही वाक्यं कान देऊन ऐकली.

"मना पोऱ्याले हाई माहीत नव्हतं?"

"नव्हतं, नाना."

"तुले वाचता येत व्हतं?"

"येत व्हतं."

त्यांनी मान हलवली. "च्या पी ले," म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले नाहीत.

फौज सुटली, आता मी जळगावात पाइपच्या कारखान्यात आहे. नवं मशीन आलं की पुस्तक मागून उघडतो. ऑपरेटर हसतात. मी त्यांना आधी भिकनचं नाव सांगतो, मग पान वाचून दाखवतो.