खंदकात रिकामी केलेली ट्रॉली

वाकडच्या फ्लॅटमधलं बाथरूम फोडायला काढलंय. "ताई, राडारोडा कुठं टाकू?" मिस्त्रीने विचारलं, आणि जुन्या ओल्या मातीचा तो वास मला थेट चाकणच्या किल्ल्यापाशी घेऊन गेला.

मी पाचवीत होते. आमचं जुनं घर पाडलं होतं आणि त्याच्या मातीने भरलेली ट्रॉली आप्पांनी खंदकाच्या काठाला लावली होती. शाळेत घोकलेले किल्ल्याचे मालक मी मोठ्याने म्हणत होते: बहमनी, निजामशाही, मराठे, मोगल, इंग्रज. "आप्पा, आता खंदक कुणाचा हाय?"

"कुणाचा बी न्हाई. म्हणून तर हितं टाकायचं."

माती धडधडत खाली गेली, धूळ उडाली आणि मी टाळ्या वाजवल्या.

मोगल या खंदकापुढे जवळपास दोन महिने अडकून पडले होते. आमच्या बाजूचा खंदकाचा तुकडा आम्ही ट्रॉलीमागून ट्रॉली ओतून एका दुपारीत बुजवला. आता तिथला कचरा बघून लोकांच्या अकलेवर तणतणते ती मीच!

"एवढा काय विचार करताय ताई? कुणाची नसलेली जागा बघतो आणि टाकतो."

मी अशी खेकसले की मिस्त्री हातात घमेलं धरून बघतच राहिला.