पडद्याशेजारच्या रेवाबाई

रेवाबाई बीडच्या अदालतीत पहिल्यांदा आल्या, त्या नोकरीला नव्हे, पडदा टांगायला. मी तेव्हा तिथे पेशकार होतो. मुनसिफसाहेबांपुढे कागद ठेवायचे आणि साक्षीदारांची बयानं उतरून घ्यायची, हे माझं काम. गोषातल्या बायकांसाठी दालनात जो पडदा होता, तो इतका विरला होता की पलीकडच्या बाईचे नाक-डोळे दिसत. नवा शिवायला सांगितला, आणि कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन एक सुरतेकडच्या बाई दारात उभ्या राहिल्या. शिपायानं अडवलं तर म्हणाल्या, "पडदा आणलाय. आत टांगू का तुझ्या डोक्यावर टाकू?" आमची ओळख ही अशी झाली.

त्यांचे यजमान कापसाच्या जिनात मिस्त्री म्हणून इकडे आले होते, ते दुसऱ्याच पावसाळ्यात तापानं गेले. माहेरहून बोलावणं आलं, पण बाई गेल्या नाहीत. घरात शिवणाचं मशीन होतं, हाताला सफाई होती आणि मोठ्या घरांच्या जनान्यात त्यांना मोकळं दार होतं. मराठी त्या गिऱ्हाइकांच्या तोंडून शिकल्या, म्हणून ती पक्की आमच्याकडची. वरणात गूळ घालायची खोड मात्र आजतागायत गेलेली नाही. ते वरण मी मुकाट्यानं खाल्लं आहे, बाईंच्या या गौरवग्रंथात हाही एक गौरवच समजावा.

पडदा टांगताना त्यांनी मला विचारलं, "आतल्या बाईचं बोलणं साहेबाला सांगतं कोण?" मी म्हटलं, घरातला एखादा पुरुष. तेव्हाची रीतच ती होती. बाई आतून कुजबुजणार, आणि घरचा माणूस बाहेर मोठ्यानं सांगणार.

"म्हंजे ज्याला जमीन पायजे, त्यानंच तिच्या वतीनं बोलायचं? लई भारी हाय की तुमची अदालत!"

मुनसिफसाहेब खुर्चीत होते. त्यांनी ऐकलं. काही आठवड्यांनी रेवाबाईंना बोलावणं गेलं: गोषातली बाई आली की पडद्याशेजारी उभं राहायचं आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगायचे. शहरात कोण गहजब झाला! एक तर बाई, त्यात शिवणवाली, त्यात गैरमुलकी. निजामाच्या मुलखातली नोकरी बाहेरच्या माणसाला मिळते म्हटलं, की आमच्या पोटात दुखायचंच. बाई मात्र मशीनवर उर्दूचं पुस्तक टेकवून अक्षरं गिरवू लागल्या. अदालतीचा कारभार उर्दूत चाले ना!

आता त्या दिवसाचं सांगतो.

तलवाड्याच्या एका बड्या घरातल्या सगुणाबाई तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. पदरात एक लहान लेक. थोरल्या दिरांनी अर्ज दिला होता की भावजय नवऱ्याच्या वाट्यावरचा हक्क राजीखुशीनं सोडते आहे. सगुणाबाई पडद्यामागून 'हो' म्हणाल्या की काम झालं. मग मायलेकींनी जन्मभर दिरांच्या चुलीकडे बघत बसायचं.

थोरले मालक पुढच्याच बाकावर बसले होते. मी प्रश्न वाचून दाखवला, "तुम्ही हा हक्क स्वखुशीनं सोडता काय?" मालक खाकरले. आतून काही नाही. पुन्हा विचारलं. मालक पुन्हा खाकरले. आत नुसतं लुगडं सळसळलं आणि थांबलं. असं बराच वेळ चाललं. साहेबांच्या नमाजाची वेळ होत आली होती आणि वकील घाई करत होते. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "बाईंची ना नाही, असं लिहा."

मी लेखणी दौतीत बुडवली.

"पेशकारसाहेब, हात थांबवा," रेवाबाई म्हणाल्या. "साहेब, बाई बोलल्याच न्हाईत. जे कानावर आलं न्हाई, ते मी शपथेवर सांगणार न्हाई."

वकील उसळले, "अहो, घरंदाज बाई आहेत, लाजतात!"

"लाजत्यात का भ्यात्यात, ते इचारू द्या की."

साहेबांचा आवाज चढला. "रेवाबाई, आपण गैरमुलकी आहात. आपल्याला काढायला मला कुणाला विचारावं लागत नाही."

पडद्याची दोरी बाईंच्या मुठीत होती. बाई तिथून हलल्या नाहीत. "ते तुमच्या हातात हाय, साहेब. त्याच्या आधी एक लिहून घ्या. सवाल झाला की थोरले मालक खाकरतात. तेवढं बयानात घाला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मालक उठून उभे राहिले. "कुठली कोण शिवणवाली, आन आमाला शिकवती?"

साहेब हैदराबादेचे. त्यांना यातलं काय कळणार? ते माझ्याकडे वळले. "पेशकार, या खाकरण्याचा अर्थ काय?"

अरे देवा! माझी सख्खी बहीण तलवाड्यात दिलेली. मालक माझ्याकडे असे बघत होते की बस्स. रेवाबाईही बघत होत्या. मी कसाबसा म्हणालो, "साहेब, आमच्याकडं थोरला दीर खाकरला की घरातल्या बायका गप होतात. त्याच्या कानावर भावजयीचा आवाज पडू नये, अशी चाल आहे."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि मालकांना आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसायला फर्मावलं. मालक गेले. जाताना काय काय बोलले, ते गौरवग्रंथात छापण्याजोगं नाही. रेवाबाई पडद्याआड गेल्या आणि सगुणाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मग एक बारीक आवाज आला.

"न्हाई."

आणि थोड्या वेळानं, जरा मोठ्यानं, "न्हाई सोडत. माझ्या लेकीचं हाय ते."

ते पुन्हा सांगायची गरज रेवाबाईंना पडली नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं. मी लिहिलं.

जमीन राहिली, रेवाबाईंची नोकरी गेली. वरपर्यंत तक्रार झाली आणि गैरमुलकी म्हणून त्यांना घरी बसवलं. मशीन पुन्हा ओसरीवर आलं. पण त्यानंतर गोषातली जी बाई यायची, ती पडद्यामागं बसून एकच सांगायची, "शिवणवाल्या बाई आल्या की बोलू." सांगा, काय करणार अदालत? दावे तुंबले. हिवाळा सरता सरता रेवाबाई परत आल्या, त्या 'जनाना मददगार' असा हुद्दा घेऊन. पुढे बायकांची समन्सं, त्यांची ने-आण, त्यांची बयानं, हे सगळं काम त्यांनीच चालवलं.

त्यांची माया सांगायची तर, माझी मंडळी आजारी होती तेव्हा त्या रोज कचेरी सुटल्यावर घरी येत. एकदा मी चहासाठी सवयीनं खाकरलो. माजघरातून आवाज आला, "खाकरता कावून? च्या पायजे तर च्या म्हना!" अंथरुणातल्या बायकोला कित्येक दिवसांनी हसू आलं. तेव्हापासून मी चहा मागून घेतो.

आज बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. मानपत्र कुणी वाचावं यावर परवा आमच्या सत्कार मंडळाची बैठक बसली होती. सगुणाबाईंची लेक, आता दोन मुलांची आई, उठून म्हणाली, "मी वाचते." आणि कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं.

रेवाबाई, तुम्ही फक्त मान वळवून तिकडे पाहिलंत. पुढे कुणी हूं की चूं केलं नाही. मानपत्र तीच वाचणार आहे.

तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असं आज सगळेच म्हणतील. मीही म्हणतो, पण माझ्या म्हणण्याला कारण आहे. बाई, खाकरणारे अजून पुष्कळ शिल्लक आहेत. तुम्ही खूप जगा.