एकीतलं पुसलं

राजूरला माझ्या लेकीचं फोटोचं दुकान आहे. फोटो साठवायची जुनी डिस्क करकरायला लागली, तेव्हा तिने सारख्या दोन नव्या आणल्या आणि कॉम्प्युटरमध्येच अशी जोडणी केली की दोन्हींवर एकच माल राहावा. जुनीतलं सगळं त्यांत उतरवून जुनी भंगारात दिली.

"एक मेली तरी दुसरी हाय, माय," ती म्हणाली.

आम्ही बियाणं दोन कणग्यांत ठेवतो, तसंच हे असेल असं मी धरलं.

त्या डिस्कांत माझ्या नवऱ्याचा शेवटच्या आजारातला व्हिडिओ होता. तोंड पार सुकलेलं, तरी बोलत होता. मला ते बघवत नव्हतं. गिऱ्हाईकाला नको असलेले फोटो दुकानात मीच पुसते. एकीतला जाईल, दुसरीतला राहील, म्हणून लेक बाहेर गेल्यावर मी तोही पुसला. रोजच्यासारखी कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

संध्याकाळी लेकीला तो सापडेना. मी पुसल्याचं सांगितलं तशी तिने ती टोपली उघडून बघितली.

"माय, एकीतलं पुसलं की दुसरीतलंबी जातं."

"मंग आधी सांगायचं न्हाई?"

"तू बाबालाच पुसशील हे मला काय ठावं?"

त्याचा आवाज तेवढ्या व्हिडिओतच होता. आता तोंड आठवतं, तेही सुकलेलंच. आवाज आठवत नाही.