खालच्या शेतातलं पाणी

पुण्याहून निघाले तेव्हा बाबा गच्चीतल्या कुंड्यांत पालापाचोळा घालत होते. टॅक्सी खाली येऊन उभी. तसेच मातीचे हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "तिकडेही मातीचंच काम ना? मग काळजी नाही. पाचोळा घातला की माती पाणी धरते, सगळीकडे सारखंच."

माझी पीएच.डी.ही त्यावरच होती. जपानच्या उत्तरेला, होक्काइदोत पोस्टडॉक म्हणून आले, ती हीच खात्री घेऊन.

मोरिता-सान आम्हाला प्रयोगासाठी शेत देणारे बटाट्याचे शेतकरी. त्यांच्या वरच्या रेताड शेतात कंपोस्ट घातलं, तर भर उन्हाळ्यात ओल टिकली. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. त्या भरात मी त्यांना सांगितलं, खालच्या चिकणमातीच्या शेतातही घाला. आमचे सेन्सेई, म्हणजे माझे प्राध्यापक, म्हणाले होते, "अजून एक हिवाळा बघू या." मी ऐकलं नाही.

त्या वर्षी थंडीच्या तोंडापर्यंत पाऊस पडत राहिला. कंपोस्ट घातलेल्या मातीनं पाणी धरून ठेवलं आणि ती ओली जमीन गोठून दगडासारखी झाली. वसंतात वरचा बर्फ वितळला, पण खाली गोठलेला थर तसाच, पाणी मुरेना. शेजारी ट्रॅक्टर फिरत होते आणि मोरिता-सानच्या खालच्या शेताचं तळं झालं होतं. लागवड लांबली, बटाटे बारके निघाले.

माफी मागायला सेन्सेई सोबत आले. मी तोंड उघडायच्या आत तेच कमरेत वाकले. निवृत्तीला आलेला माणूस, माझ्या चुकीसाठी. ते पाहून मोरिता-सानही घाईघाईनं वाकले. दोन पांढरी डोकी झुकलेली आणि मधे मी. कुणीतरी माझ्यावर ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी फोन केला. "आई, मी परत येते."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मागून बाबांचा आवाज आला, "अगं, मीच सांगितलं होतं तिला तसं." आता तेही माझी चूक स्वतःकडे घेत होते. मला रडूही येईना.

आई म्हणाली, "आठवण येते म्हणून येत असशील तर आत्ता ये. लाज वाटते म्हणून येऊ नकोस. ती इथेही तुझ्यासोबतच येईल."

मी थांबले. बटाटे निघाल्यावर मोरिता-सानबरोबर त्या शेतात चर खणले. पुढच्या वसंतात पाणी साचलं, पण निघूनही गेलं.

आता पुण्याला जाते ती सुट्टीपुरती. परवा तिकडून आल्यावर मोरिता-सानकडे गेले, तर त्यांच्या बायकोनं आतूनच हाक दिली, "ओकाएरी!" घरचं माणूस परतलं की म्हणतात ते. त्यावर "तादाइमा", म्हणजे आले हं, असं म्हणायचं असतं. आपल्याकडचे जे इकडे स्थायिक झालेत त्यांच्या मुलांना हा शब्द शिकवावाही लागत नाही. माझ्या तोंडून मात्र तो अजून निघत नाही. मी नुसती वाकले, बूट काढले आणि आत गेले.